अंग चोरून

१

रुचिरा तोरसकरचा एक नियम होता. कुणाच्याही घराचं काम हातात घेतलं की पहिल्या दिवशी टेप पर्समधून बाहेर काढायची नाही. नुसतं बसायचं. चहा घ्यायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि घरातली माणसं कशी वावरतात ते बघायचं. कोण बाहेरून आलं की पिशवी कुठे टेकवतं, कोण फोनवर बोलताना कुठल्या खिडकीशी जातं, कुणाची चप्पल कायम रस्त्यात असते. काही लोकांना वाटायचं, ही बाई टंगळमंगळ करतेय. पण हिने केलेल्या घरात कपाटाचं दार कधी पलंगाला अडत नाही, हेही तेच लोक नंतर सांगायचे.

तिची कामं म्हणजे मासिकात छापून येणारी घरं नव्हेत. कांदिवली, मालाड, बोरिवलीतले जुने फ्लॅट. त्यात सासू-सासरे, मुलं, शिलाई मशीन आणि मोठा फ्रीज मावला पाहिजे, आणि तरी कुणाच्या करंगळीला काही लागता कामा नये. हे तिला चांगलं जमायचं, कारण ती लालबागच्या चाळीत एका खोलीत सात माणसांत वाढली होती. वडील दत्ताराम मिलमध्ये होते तेव्हाही, आणि मिल बंद झाली त्यानंतरही कितीतरी वर्षं. त्या खोलीत मागून कोणी येतंय हे वळून न बघता कळायचं. मग आपण पोट आत घ्यायचं, खांदा वळवायचा, अंग चोरायचं. येणारा निघून जायचा. कोणी कोणाला ‘सरक’ असंही म्हणत नसे.

मालाडच्या टिपणीसांकडे ती अशीच पहिल्या दिवशी बसली होती. नंदकिशोरकाका बँकेतून निवृत्त झालेले, कुंदाकाकू शाळेत शिकवायच्या. थोरला मुलगा निहार लग्न होऊन मुलुंडला, धाकटी स्वरदा आईवडिलांपाशी. दीड वर्षापूर्वी त्यांनी हा जुन्या बिल्डिंगमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला होता. हॉल ऐसपैस. असला हॉल नव्या बिल्डिंगमध्ये आता मिळतच नाही. सोफा, टीव्ही, चपलांचं कपाट, सगळं भिंतींना चिकटवलेलं आणि मधे नुसती मोकळी लादी.

काकू स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आल्या. सरळ चालत आल्या असत्या तर थेट सोफ्याशी पोचल्या असत्या. पण हॉलच्या मधोमध येता येता त्या डावीकडे वळल्या, छोटासा वळसा घेतला आणि मग सोफ्याशी आल्या. रुचिराच्या ते नुसतं डोळ्यांत भरलं. मग काका पेपर ठेवायला गेले. तसाच वळसा. स्वरदा मोबाइलमध्ये डोकं घालून आतून आली आणि मान वर न करता बरोब्बर त्याच जागी वळली.

"इथे आधी टीपॉय वगैरे होता का हो काकू?" रुचिराने विचारलं.

"इथे? नाही गं. आल्यापासून असंच आहे. का?"

"नाही, सहज."

निघताना चपलेचा बंद लावायच्या निमित्ताने ती खाली वाकली. जुन्या मोझेकच्या लाद्या होत्या. पावलांनी झिजून झिजून त्यांच्यावर एक गुळगुळीत, चकचकीत वाट पडली होती. वाट हॉलच्या मध्यावर दुभंगत होती, एका गोल तुकड्याच्या दोन्ही बाजूंनी जात होती आणि पुढे पुन्हा एक होत होती. मधला तुकडा मात्र काल बसवल्यासारखा खरखरीत होता. दीड वर्षात लादी एवढी झिजत नाही. म्हणजे आधीचे लोकही इथून वळूनच जात असणार.

असेल काहीतरी, तिने मनाशी म्हटलं. आधीच्यांचं मोठं डायनिंग टेबल असेल.

२

काम स्वरदासाठी होतं. तिच्या कंबरेच्या मणक्यातली गादी सरकली होती. विम्याच्या कंपनीत नोकरी, कंपनीने घरून काम करायची मुभा दिलेली, आणि ही पोरगी दिवसभर पलंगावर उशीला टेकून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बसणं सुधारलं नाही तर ऑपरेशनला पर्याय नाही.

"मला सुंदर बिंदर काही नको गं," स्वरदा म्हणाली, "फक्त नीट बसता आलं पाहिजे. ऑपरेशनचं नाव काढलं तरी आई रात्रभर जागी असते."

बेडरूममध्ये जागा नव्हती. काकूंच्या माहेरचं लोखंडी कपाट तिथे ठाण मांडून बसलं होतं आणि ते हलवायचं नाही असा काकूंचा हुकूम होता. उरला हॉल. खिडकीचा उजेड लॅपटॉपच्या पडद्यावर चमकू नये, पाठीमागे येणं-जाणं नसावं, पंखा डोक्यावर हवा. रुचिराने तीन-चार तऱ्हेने आखून बघितलं. दर वेळी टेबल येत होतं ते मधोमध, त्या खरखरीत तुकड्यावर. म्हटलं तर झकास जागा होती. टेबलामुळे हॉलचे दोन भाग पडणार होते, इकडे बैठक आणि तिकडे ऑफिस.

वळशाचं तिने स्वतःशी उत्तर शोधून ठेवलं होतं. पंख्याखाली उभं राहिलं की खिडकीचं ऊन थेट डोळ्यांत येतं. माणूस नकळत ते टाळतो. सवयी अशाच लागतात.

चंद्रप्रकाश सुताराने टेबल दोन दिवसांत उभं केलं. प्लाय आत आणताना हॉल अख्खा रिकामा होता, तरी तो भिंतीला घासत घासत आला.

"अरे, मधून आण ना सरळ. रंग खरवडतोय भिंतीचा," रुचिरा ओरडली.

"हो मॅडम," तो म्हणाला आणि पुढचा प्लायही भिंतीकडूनच घेऊन आला.

टेबल झालं, खुर्ची आली. पाठीला नीट आधार देणारी, हात टेकायला जागा असलेली, उंची हवी तशी करता येणारी. स्वरदा बसली आणि तिने डोळेच मिटले. "आई गं, किती महिन्यांनी पाठ टेकली मी!" काकूंनी रुचिराच्या हातावर घरचा शिरा ठेवला. काकांनी टेबलाभोवती एक चक्कर मारून, "घराला घरपण आलं बुवा," असं जाहीर केलं.

रुचिरा खूश होऊन कांदिवलीला परतली. हे काम वडिलांना फोटो दाखवण्याइतकं चांगलं झालं होतं.

३

महिन्याभराने स्वरदाचा फोन आला. ड्रॉवर अडकत होता. काम पाच मिनिटांचं होतं, पण त्या बाजूला जाणारच होती म्हणून रुचिरा स्वतः गेली.

दार काकूंनी उघडलं. उजव्या हाताला मनगटापर्यंत पट्टी होती.

"काय झालं काकू?"

"अगं, कढईतलं तेल उडालं. गॅसपाशी उभी होते, जरा बाजूला झाले आणि कोपर लागलं कढईला. वेंधळेपणा, दुसरं काय."

"बाजूला का झालात?"

काकू थांबल्या. "का म्हणजे? झाले बाजूला. ओट्याशी दोन माणसं मावतात का आमच्या?"

"कोण होतं दुसरं?"

"कोणी नव्हतं गं. एकटीच तर होते," काकू हसून म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी त्या क्षणभर थांबल्या. पोट आत घेतलं, खांदा वळवला, चौकटीला पाठ लावली. मग आत गेल्या.

रुचिराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. ही हालचाल तिला तळहातासारखी ओळखीची होती. समोरून कोणीतरी बाहेर येत असल्याशिवाय माणूस असं करत नाही.

तिने स्वरदाकडे पाहिलं. स्वरदा कॉलवर होती, भराभर बोलत होती. एवढी रुंद खुर्ची, पण ती तिच्या डाव्या अर्ध्या भागावर बसली होती. एक मांडी खुर्चीबाहेर लोंबत होती, कणा एका बाजूला वाकलेला. उजवा अर्धा भाग तिने सोडून दिला होता, बाकावर शेजारच्याला सोडतात तसा.

कॉल संपल्यावर रुचिराने विचारलं, "अशी का बसतेस? खुर्ची चांगली नाही का?"

"मस्त आहे की." स्वरदाने खाली बघितलं. तिला स्वतःलाच नवल वाटलं. ती मधे सरकली. "पाठ मात्र पुन्हा दुखायला लागलीय गं. डॉक्टर म्हणाले, आधीपेक्षा वाईट आहे. कळत नाही काय चुकतंय."

रुचिरा ड्रॉवर ज्यावर सरकतो ते चॅनेल घट्ट करायला खाली वाकली. वर उठली तेव्हा स्वरदा पुन्हा डाव्या काठावर होती.

४

घरी जाताना तिने बरेच विचार केले. माणसाला नव्या सामानाची सवय लागायला वेळ लागतो, हे खरं. काकूंचं वय झालं, तोल सावरायला चौकट धरत असतील. स्वरदा दुखणाऱ्या बाजूवर भार द्यायचं टाळत असेल. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि एकेकटं घेतलं तर प्रत्येक कारण पटत होतं.

चार दिवसांनी ती पुन्हा गेली. पॅसेजमध्ये भिंतीला एक अरुंद कपाट करून दिलं तर काकूंचा ओटा मोकळा होईल, असं तिने सांगितलं होतं. हे निमित्तच होतं म्हणा. दुपारची वेळ होती. काका झोपले होते, काकू बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या, स्वरदा फिजिओकडे गेली होती.

रुचिराने लेझर काढला. हे तिचं लाडकं यंत्र. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि मधलं अंतर आकड्यात दिसतं, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागत नाही. खुर्चीत बसून तिने तो टेबलावर आडवा ठेवला, पॅसेजच्या टोकाच्या भिंतीकडे तोंड करून, आणि बटण दाबलं.

आकडा आला तो पॅसेजच्या तोंडापर्यंतचा. अर्ध्याहूनही कमी.

बॅटरी उतरली असेल. तिने लेझर खिडकीकडे फिरवला. बरोबर. टीव्हीच्या भिंतीकडे, बरोबर. पुन्हा पॅसेजकडे. पुन्हा तोच अर्धा आकडा.

मग तिने ठिपका शोधला. टोकाच्या भिंतीवर तो नव्हता. चौकटीवर नव्हता, पडद्यावर नव्हता. पडदा तिथे नव्हताच. ठिपका पॅसेजच्या तोंडाशी होता, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. त्याच्या मागे पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती, काकूंचं कॅलेंडरही दिसत होतं. ठिपका मधेच कशावर तरी टेकला होता.

आणि तो हलत होता. किंचित वर, किंचित खाली. सावकाश. रुचिराने आधी आपल्या हाताकडे पाहिलं. हात तिच्या मांडीवर होता. लेझर टेबलावर स्थिर होता.

यंत्रावरचा आकडा कमी झाला. मग आणखी कमी झाला. ठिपका मोठा होत नव्हता, उजळत नव्हता, फक्त जवळ येत होता, वर-खाली होत होत.

पुढे रुचिराने जे केलं ते विचार करून केलं नाही. ती खुर्चीवरून उठली, पाठ टेबलाच्या कडेला लावली, पोट आत घेतलं, खांदा वळवला. तिच्या उजव्या दंडावरची लव शहारून उठली, खांद्यापासून कोपरापर्यंत एका रेषेत, आणि मग खाली बसली. यंत्रावर एकदम पूर्ण आकडा आला. ठिपका टोकाच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खाली.

तिच्या मागे, टेबलाशी, खुर्चीची चाकं थोडीशी कुरकुरली.

"झालं का गं मोजून?" बाल्कनीतून काकूंनी विचारलं.

"झालं काकू," रुचिरा म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बराच नीट निघाला. तिने लेझर पर्समध्ये टाकला आणि खुर्चीकडे न बघता बाल्कनीत जाऊन काकूंना चिमटे देऊ लागली.

५

टिपणीसांना काय सांगायचं, हा प्रश्न होता. तिने खोटं सांगितलं. पंख्याचा वारा सारखा पाठीवर येतो, त्याने स्नायू आखडतात, माझंच चुकलं, टेबल बेडरूममध्ये हलवू या. कपाटाला मी दुसरी जागा काढते.

"अगं पण इतकं छान झालंय ना! आता परत तोडफोड?" स्वरदा वैतागली.

"तोडफोड नाही. माझ्या खर्चाने करते. तू फक्त हो म्हण."

"रुचिरा, काही झालंय का? तुझा चेहरा बघ."

"तुझी पाठ बरी व्हायला पाहिजे एवढंच," रुचिरा म्हणाली, आणि हे मात्र खरं होतं.

माहेरचं कपाट पॅसेजमध्ये गेलं. काकू दोन दिवस घुम्यासारख्या वागल्या, मग कपाट आता येता-जाता दिसतं म्हणून खूश झाल्या. टेबल बेडरूमच्या खिडकीशी बसलं. जुनी खुर्ची रुचिराने चंद्रप्रकाशला देऊन टाकायला सांगितली आणि नवी आणली. हॉलचा मध्य पुन्हा मोकळा झाला.

त्या संध्याकाळी ती सोफ्यावर बसून राहिली. काकू चहा घेऊन आल्या, मधोमध वळल्या, वळसा घेतला. काका वळले. स्वरदा वळली. स्वयंपाकघराच्या दाराशी कोणी थांबलं नाही. रुचिराने सुटकेचा निःश्वास टाकला. ज्याची जागा होती त्याला ती मिळाली, बाकीचे आपापल्या जागी. घर लावायचं म्हणजे शेवटी एवढंच असतं, असं तिला वाटलं.

दोन महिन्यांत स्वरदाची पाठ सुधारली. ऑपरेशनचा विषय मागे पडला. काकूंच्या हातावरचा डाग फिका झाला. ओळखीच्या दोघांना काकूंनी रुचिराचं नाव सुचवलं.

६

एका रविवारी काकूंनी तिला जेवायला बोलावलं. वालाच्या बिरड्याचा बेत होता. निहार मुलुंडहून लेकीला घेऊन आला होता. बायको माहेरी गेली होती. लेक जान्हवी, वर्षाची व्हायला आलेली. सोफा धरून उभी राहायची, पण हात सोडून अजून पाऊल टाकलं नव्हतं.

जेवणं झाली. वारा यावा म्हणून मुख्य दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर कडी लावून बंद. वीज गेली होती, पंखा थांबला होता. जान्हवी चटईवरून रांगत रांगत हॉलच्या मध्याकडे निघाली. रुचिराने पेला खाली ठेवला.

त्या खरखरीत तुकड्याशी जान्हवी थांबली. वर पाहिलं. हसली. मग उठून उभी राहिली.

"अरे, उभी राहिली! काही न धरता!" निहारने घाईघाईने मोबाइल काढला.

"बोलू नका कोणी, दचकेल," काकू कुजबुजल्या.

जान्हवीने पाऊल टाकलं. मग दुसरं. सगळे हसत होते, काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. रुचिरा फक्त तिच्या हाताकडे बघत होती. नवी चालणारी मुलं दोन्ही हात पसरून डुलत डुलत चालतात. जान्हवीचा डावा हात सैल लोंबत होता. उजवा सरळ वर गेलेला होता, कानाच्याही वर, आणि मूठ मिटलेली होती. खूप उंच माणसाचं बोट धरलं की मूल असंच चालतं.

ती सोफ्याकडे आली नाही, बापाकडेही नाही. ती दाराकडे चालली होती.

काका दाराजवळ उभे होते. नातीवरची नजर न काढता त्यांनी हात मागे नेला आणि सेफ्टी डोअरची कडी काढली. पाहुणे निघाले की काढतात तशी, सहज. दार बाहेर लोटलं, मग ते भिंतीला टेकले. काकू चपलांच्या कपाटाला टेकल्या. बेडरूमच्या दाराशी स्वरदाने पाठ चौकटीला लावली. तिघांनीही पोट आत घेतलं होतं, खांदा वळवला होता. हॉलच्या मधल्या तुकड्यापासून दारापर्यंत वाट मोकळी झाली होती.

जान्हवीची मूठ आणखी वर गेली. तिच्या टाचा लादीवरून सुटल्या.

रुचिरा कशी उठली आणि कशी पोचली ते तिला नंतर आठवेना. ती उंबऱ्यात उभी होती आणि जान्हवीला तिने कमरेशी घट्ट धरलं होतं. पोरीचा उजवा हात तसाच ताठ, वर. रुचिराने ओढलं. पलीकडून, हॉलच्या बाजूनेही ओढ लागली. जान्हवी किंचाळली.

"अगं काय करतेस! हात निखळेल तिचा!" निहार धावत आला.

"धर हिला. दोन्ही हातांनी धर. आणि खाली जा."

"काय?"

"निहार, खाली जा! आत्ता!"

एकदम ओढ सुटली. रुचिराने पोरीला निहारच्या छातीवर दिलं. पोरीच्या उजव्या तळहातावर लाल वळ उठले होते. निहारने ते पाहिले, रुचिराच्या तोंडाकडे पाहिलं आणि अनवाणीच जिना उतरू लागला. जान्हवीचं रडणं एकेक मजला खाली जात राहिलं. रुचिराने सेफ्टी डोअर लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून हॉलकडे तोंड करून उभी राहिली.

तिघं अजून भिंतींना टेकूनच होती.

"रुचिरा, बाजूला हो गं," काकू नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

"कोणासाठी, काकू?"

काकू गोंधळल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं, स्वरदाकडे पाहिलं. "कोणासाठी म्हणजे? अशी वाटेत काय उभी राहिलीस?" आणि असं म्हणता म्हणता त्या कपाटाला आणखी चिकटल्या.

हॉलमध्ये दुपारचं लख्ख ऊन होतं. चटई, पडलेला खुळखुळा, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ, सगळं स्पष्ट दिसत होतं. मधे काहीच नव्हतं. पंखा बंद होता. तरी रुचिराच्या कपाळावरचे केस वरून आलेल्या वाऱ्याने हलले, थांबले, पुन्हा हलले, सावकाश, एका लयीत.

तिचा खांदा आपोआप वळू लागला. तिने तो सरळ केला, दोन्ही हातांनी मागची जाळी धरली आणि उंबऱ्यात पाय रोवले.

निहार अजून जिन्यातच असेल. तो रिक्षात बसेपर्यंत तरी तिला इथून हलायचं नव्हतं.